मऊ गादी

माघ लागला होता. वर्धेच्या काठावर रोज पहाटे धुकं उतरे, पण ते धुकं शुभ्र नव्हतं. खाणीची काजळी प्यालेलं, कोळशाच्या धुराने जडावलेलं, करडं, कडवट, कणाकणाने छातीत उतरणारं धुकं. त्यातून सूर्य वर येई तो निस्तेज, रक्तहीन, आजारातून उठलेल्या माणसासारखा भिंत धरून धरून. पऱ्हाटी उलंगली होती. कापूस वेचून नेलेल्या काळ्या रानात आता नुसत्या वाळक्या काड्या उभ्या होत्या.

दुपारी खाणीत सुरुंग उडत. धरणी हादरे. फडताळातली भांडी किणकिणत, झोपलेली कुत्री दचकून उठत, आणि मग पुन्हा सारं निपचित होई. गावाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

या गावात एक बाई अशी होती, की जिने तो स्फोट कधीच ऐकला नव्हता. तिच्या तळपायांतून तो वर चढे, पोटऱ्यांतून, गुडघ्यांतून, कण्याच्या मणक्या-मणक्यातून, आणि छातीत येऊन विझे. तिचं नाव प्रणाली. ती जन्मापासून बहिरी होती. तिचं जग नादहीन होतं, पण मुकं नव्हतं. दार कुणी आपटलं, पाटा कुणी सरकवला, अंगणात कोण आलं, हे तिला जमीन सांगे. माणसं काय म्हणतात ते ओठ सांगत. आणि ओठ जे लपवत, ते डोळे सांगत.

आणि आता तिच्या मांडीवर एक पोर होती. नवजात, नाजूक, निळसर पापण्यांची, मुठी मिटून आलेली. प्रणालीच्या माहेरी आई उरली नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पोरीच्या छातीवर तळहात ठेवला की आतली धडधड लागे. ती रडली की तळव्याला मुंग्या येत. प्रणाली तासन्‌तास तसाच हात ठेवून बसे. तिला दुसरं काहीच नको होतं.

घरात प्रश्न एकच होता, आणि तो उंबऱ्यापासून परसापर्यंत उभा होता. पोर निजणार कुणाच्या शेजारी, आणि निजणार कशावर?

सासू वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अशा गोष्टींत सासूला वाईट ठरवायची फार सोय असते. वच्छलाबाई कष्टाळू होती, तोंडाळ होती, मायाळू होती, आणि या तिन्ही गोष्टी ती एकाच वेळी करी. सून पोटुशी आहे कळल्या दिवशीच तिने घरचा कापूस बाजूला काढला. पांढरा, पिवळट डाग नसलेला, लांब धाग्याचा. तो पिंजून घेतला, पुन्हा पिंजून घेतला, आणि स्वतःच्या हाताने गादी शिवली. मऊ. इतकी मऊ, की हात ठेवावा तर हात दिसेनासा व्हावा. दोन्ही बाजूंना लोड, डोक्याशी उशी, वरून गोधडी. त्या गादीत तिचं सगळं आजीपण भरलेलं होतं.

"पोट्टी माह्याजवळ निजन," तिने लेकाला बजावलं होतं. "तुही रातपाळी. अन् हिले आयकू येत नाही. रडून रडून निळी पडली तं कोन उठन?"

रोशन खाणीवर डंपर चालवी. आईच्या बोलण्यात खोट काढावी असं त्याला काही सापडलं नाही. बायकोकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.

पण प्रणालीने आपलं आधीच ठरवलं होतं. दवाखान्याच्या भिंतीवर चित्रं होती. वाचायला येवो न येवो, कुणालाही कळावीत अशी. बाळ उताणं. खाली सपाट, कडक बिछाना. उशी नाही, लोड नाही, तोंडाजवळ काही नाही. आईच्या हाताशी, पण आईच्या अंगाखाली नाही. इतर बायका तिथल्या बाकावर बसून गप्पा मारत; तिला गप्पा नव्हत्या, म्हणून तिने ती चित्रं पाठ केली.

दिवस भरत आले तशी ती रोशनला घेऊन तालुक्याच्या दुकानात गेली. दुकानदाराने एकेक नग पुढे केला. झालरीचा, घुंगरांचा, सशांच्या चित्रांचा, गुबगुबीत, गुलाबी, गोजिरा. प्रणालीने प्रत्येक पाळण्यात वाकून आपलं तोंड पालथं घातलं. नाक गादीत दाबलं, आणि श्वास घेऊन पाहिला. दुकानदार हसला. रोशन ओशाळला. ती हसली नाही आणि ओशाळलीही नाही. ज्या गादीत तिचा श्वास अडला, ती गादी तिने बाजूला सारली. असं करत करत सारं दुकान बाजूला पडलं.

शेवटी मागच्या कोपऱ्यातून एक पाळणा निघाला. साधा, सागवानी, चौकोनी. गज इतके जवळ जवळ, की बाळाचं डोकं त्यातून जाऊ नये. बिछाना पातळ, ताठ, पाट अंथरल्यासारखा. आणि चौथी बाजू उघडी, पलंगाला पट्ट्याने आवळून बांधायची. म्हणजे आईने पडल्या पडल्या हात लांबवला की तो थेट बाळाच्या छातीवर. प्रणालीने त्यात तोंड घातलं. श्वास आला, गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तिने रोशनकडे पाहून मान हलवली. त्या वेळी तिचे डोळे भरून आले होते.

"हे काय आनलं गा?" वच्छलाबाई दारातच म्हणाली. "हे तं कोंबड्याईचं खुराडं दिसते! अन् बिछाना हा? माह्या नातवंडानं का गुन्हा केला, का त्याले फळीवर निजवता?"

प्रणालीने हातांनी सांगू पाहिलं. कडक, सपाट, श्वास. वच्छलाबाईची पाठ तिच्याकडे होती. वच्छलाबाई तिच्याशी बहुधा पाठ करूनच बोले. मुद्दाम नव्हे, कामाच्या नादात.

आणि म्हणून तो पाळणा रिकामाच राहिला. त्याच्या गजांवर लंगोट वाळत पडले. पोर आजीच्या शेजारी निजू लागली. मऊ गादीवर, दोन लोडांमध्ये, उबदार, कापूसमय, अदृश्यप्राय. प्रणाली उजाडताच उठे आणि सासूच्या खाटेशी जाई. गोधडी हलकेच बाजूला करी, पोरीच्या नाकाखाली बोट धरी. ओलसर, उष्ण, अस्पष्ट असा श्वास बोटाला लागला, की ती तिथेच भुईवर बसे. तिला रोज भीती वाटे. अगदी रोज.

बारसं आलं. आढ्याला मोठा पाळणा टांगला. झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, जरीचा खण. आणि आत, वच्छलाबाईच्या हट्टाने, तीच मऊ गादी, तेच लोड. शेजारणी जमल्या. घुगऱ्यांचा वास दरवळला. हळदीकुंकवाच्या तबकात माघाचं मलूल ऊन पडलं होतं.

आपल्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत. बाळाच्या आधी त्यात वरवंटा निजवतात. पाट्यावरचा तो दगड धुवून पुसून घेतात, त्याला टोपरं घालतात, दुपट्यात गुंडाळतात, आणि लेकरू समजून दोन झोके देतात. बायका हसतात, थट्टा करतात. दगडाचं बारसं आधी, मग माणसाचं.

रोशनच्या बहिणीने वरवंट्याला टोपरं घातलं आणि त्याला गादीवर ठेवलं. पोर प्रणालीच्या मांडीवर होती. बायकांनी दोरी ओढली. गाणं सुरू झालं. पाळणा वर गेला, खाली आला. वर गेला, खाली आला. माळा झुलल्या, खण झळकला, ऊन हललं.

तिसऱ्या की चौथ्या झोक्याला वरवंटा कलंडला.

तो आधी कुशीवर झाला, मग पालथा. मग आपल्याच वजनाने गादीत उतरत गेला. कापूस त्याच्याभोवती मऊपणे, मायेने, मुकाट्याने मिटत आला. लोड वरून सरकला. बघता बघता दगड दिसेनासा झाला, आणि टोपऱ्याची मागची गाठ तेवढी वर राहिली. लाल फितीची, छोटीशी गाठ.

"अवो, पाहा वं!" कुणीतरी हसून म्हणालं. "वरवंट्याले गाढ झोप लागली!"

सगळ्या हसल्या. प्रणालीला हसू ऐकू आलं नाही. तिने सासूचा चेहरा पाहिला.

त्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. ओठ नुसते उघडे होते. डोळे त्या लाल गाठीवर थिजले होते. पण ते या पाळण्यात बघत नव्हते. ते कुठेतरी फार मागे, फार दूर, दुसऱ्याच एका अंथरुणात बघत होते. ओठ हलत नसतानाही प्रणालीला सारं वाचता आलं. तिने पोरीला छातीशी आवळून धरलं.

वच्छलाबाईने दोरी पकडली. पाळणा थांबला. गाणं अर्ध्यावर तुटलं. तिने दोन्ही हात गादीत खुपसून वरवंटा वर काढला, उलटा केला, आणि टोपऱ्याच्या पुढच्या बाजूकडे, जिथे नाक असतं, तोंड असतं, तिथे बघत राहिली. मग ती वळली. सुनेच्या अगदी समोर येऊन बसली. तोंडासमोर तोंड, उजेडाकडे ओठ. अशी ती तिच्यासमोर पहिल्यांदाच बसत होती.

"रोशनच्या आंधी एक पोट्टी होती मले," ती सावकाश म्हणाली. "हिच्याएवढीच. थंडी होती, म्हनून मऊ गादीवर घेतली. माह्या कुशीतच होती वं. मले तं समदं आयकू येते. गोठ्यात गाय हलली तरी मी उठतो. घडीभर डोया लागला असन. सकायी पाह्यलं तं पालथी होती." तिने वरवंट्यावरचा हात काढला नाही. "आवाजच नाही केला तिनं. जराबी नाही केला. मंग मी का आयकू?"

घुगऱ्यांवर माश्या बसल्या, त्या कुणी हाकलल्या नाहीत.

"लोकायले सांगतलं, देवानं नेली," ती म्हणाली. "मीबी तसंच म्हनत राह्यली. मले वाटे, तिले ऊब कमी पडली. म्हनून हिच्यासाठी अजूनच मऊ केली."

मग ती उठली. आतल्या खोलीत गेली. सागवानी पाळण्याच्या गजांवरचे लंगोट तिने एका हाताने ओढून काढले, पाळणा प्रणालीच्या पलंगाला भिडवला, आणि पट्टा आवळला. तो हलतो का पाहिलं, पुन्हा आवळला. कडक बिछान्यावर तळहात दाबून पाहिला. हात बुडाला नाही. तिने लोड घेतला नाही, उशी घेतली नाही. "आना तिले," एवढंच म्हणाली.

बारसं त्या न झुलणाऱ्या पाळण्यातच झालं. माळा बाहेरच राहिल्या. पोर उताणी निजली, उघडी, एकटी, केवढीशी. आणि आत्याने तिच्या कानात नाव सांगितलं, गार्गी. प्रणालीचा हात उघड्या बाजूने आत गेला आणि त्या एवढ्याशा छातीवर स्थिरावला. श्वास येत होता, जात होता. बायका लवकर पांगल्या.

ऊन कलल्यावर वच्छलाबाईने मऊ गादी अंगणात आणून टाकली. बारशाला न आलेली शेजारची मालताबाई कुंपणापाशी थबकली.

"अवो, नवीकोरी गादी हाये. टाकता काहून? मले द्या. माह्या लेकीले सातवा चालू हाये."

वच्छलाबाईने तिच्याकडे पाहिलं, आणि घरातून विळा आणला. मालताबाई आल्या वाटेने निघून गेली.

पहिली शिवण उसवली तेव्हा प्रणाली बाहेर आली. पोरीजवळ रोशन बसला होता. ती सासूच्या समोर भुईवर टेकली आणि तिने गादीचं दुसरं टोक धरलं. शिवण ताणली गेली, विळ्याला सोपी झाली. थोड्या वेळाने प्रणालीने एक हात सोडला, आपल्या कानाशी नेला, जसा मघाशी आत्याने नेला होता, आणि भुवया उंचावल्या. तिचं नाव काय होतं?

वच्छलाबाईला कळलं. तिने मान हलवली.

"बारसंच नाही झालं तिचं."

तिने विळा पुन्हा शिवणीत घातला. गादीचं पोट फाटलं. कापूस बाहेर आला, पांढरा, पिंजलेला, पुंजक्या-पुंजक्यांनी, मूठमूठ, ओंजळओंजळ. वाऱ्याने तो उचलला, अंगणभर फिरवला, चुलीच्या राखेत नेला, नालीत नेला, वाटेवरच्या काळ्या धुळीत लोळवला. आणि पांढरा म्हणून निघालेला तो कापूस बघता बघता करडा झाला. वच्छलाबाई उपसत राहिली. उपसता उपसता ती रडू लागली, आधी दबून, मग उघड, मग इतक्या मोठ्याने की पलीकडच्या आळीतली माणसं दारात आली.

प्रणालीला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. ती आपलं टोक घट्ट धरून बसली. गादी सरेपर्यंत, वारा पडेपर्यंत, दोघींच्या हातांत नुसती खोळ उरेपर्यंत.