वाजवून घेतलेली हत्यारं

माघातलं ऊन इंदापूरच्या आठवडी बाजारात उशिरा पोचतं. आधी ते भाजीच्या ढिगांवर रेंगाळतं, मग कपड्यांच्या पालांवरून हळूहळू सरकतं आणि शेवटी बाजाराच्या कडेला, निळ्या ताडपत्रीवर मांडलेल्या लोखंडापाशी येऊन थबकतं. पाने, पकडी, हातोड्या, कानशी, छिन्न्या, सगळी रास एकदम झळाळून उठते. त्या झळाळीपुढं उकिडवी बसलेली एक बाई एकेक पाना उचलते, दोन बोटांच्या चिमटीत अगदी सैल धरते आणि दुसऱ्या हातातल्या बोल्टनं त्याला हलकेच वाजवते. मान डावीकडं कलते, पापण्या मिटतात आणि भोवतीचा सगळा कोलाहल तिच्यापुरता स्तब्ध होतो. माझ्या सासूबाईंचं चित्र कुणी काढायला सांगितलं तर मी एवढंच काढीन.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्यांचं नाव केराबाई. निरवांगीत त्यांची चार एकर जमीन, तीन गाई, कडबा बारीक कापायची एक कडबाकुट्टी, विहिरीवर एक मोटार आणि या सगळ्याची मोडतोड निस्तरणारी हत्यारांची एक पत्र्याची पेटी. त्यांचं लहानपण मात्र चाकापाशी किंवा मोटारीपाशी गेलेलं नाही. ते गेलं मेंढरांमागं. दिवाळी सरली की कळप घाट उतरून कोकणात जायचा आणि म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी निवडायचं काम या पोरीकडं असायचं, कारण तिचा कान तिखट होता. घंटीला केसाएवढी चीर असली तरी तिचा आवाज लांब जात नाही, आणि घाटातल्या धुक्यात आवाज लांब गेला नाही तर कळप फुटतो. पुढं मेंढरं विकली गेली, जमिनीत ऊस आला, लग्न होऊन त्या निरवांगीला आल्या. कान मात्र तसाच राहिला आणि घंट्या संपल्यावर तो लोखंडाला लागला.

मी काटेवाडीची, बागायतीतली. आमच्या घरी नळ गळू लागला तरी बारामतीहून माणूस यायचा आणि तो येईपर्यंत खाली बादली लावून आम्ही निवांत बसायचो. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात या बाईला कडबाकुट्टीखाली पाठीवर निजून नट सोडवताना पाहिलं तेव्हा मला कौतुक वाटायच्या आधी धास्ती वाटली, की आता हे मलाही करावं लागणार. माझे यजमान, विलास, माझ्याच पंथातले. वस्तू बिघडली की फोन लावायचा आणि वस्तू घ्यायची तर नावाजलेल्या कंपनीची घ्यायची, हा त्यांचा बाणा. आईच्या त्या स्वस्तातल्या पेटीकडं ते लग्नातल्या आगंतुकाकडं बघावं तसं बघायचे.

पण आत्यांचा हिशेब पक्का होता आणि तो मला पटायला वर्ष लागलं नाही. त्या म्हणत, महागाच्या वस्तूवर नाव असतं, म्हणून घेणारा डोळे मिटून घेतो. स्वस्ताच्या वस्तूवर नाव नसतं, म्हणून घेणाऱ्यानं कान उघडे ठेवायचे. एकाच भट्टीतून निघालेल्या दहा पान्यांत तीन मोलाचे असतात, पाच कामापुरते आणि दोन दगाबाज. तार पिळायची पक्कड, ठिबकच्या नळ्या कापायची करवत, खुंट्या ठोकायची हातोडी ही हत्यारं बिनदिक्कत स्वस्तातली घ्यावीत. हातोडीचा दांडा तेवढा काढून बाभळीचा घालावा. स्क्रू फिरवायचा डिसमिस मात्र त्या कधी बाजारात घेत नसत. त्याचं टोक मऊ निघालं तर ते स्वतः झिजतंच, वर स्क्रूची खाचही खाऊन टाकतं, आणि वाजवून ते कळत नाही. तो बारामतीच्या दुकानातून, चांगला आणायचा. जिथं कान चालत नाही तिथं पैशाला हात सैल सोडावा, इतका साधा न्याय होता.

ताडपत्रीवाला त्यांना पुरता वचकून असे. एकदा त्यांनी तासभर बसून सगळी रास वाजवली आणि चार वस्तू बाजूला काढल्या, तेव्हा तो काकुळतीनं म्हणाला, "मावशी, तुमी चांगलं तेवढं वेचून न्हेल्यावर ऱ्हायलेलं मी कुणाला विकू?"

"ज्याला ऐकू येत न्हाय त्येला," आत्या म्हणाल्या आणि आम्ही तिघंही हसलो.

त्यांच्या कामाला एक संथ, आश्वस्त लय होती. कडबाकुट्टीच्या पात्याला हात लावायच्या आधी त्या भिंतीवरच्या बोर्डातला फ्यूज काढून पदराच्या गाठीत बांधत आणि काम संपेपर्यंत ती गाठ कुणालाही सोडू देत नसत. उन्हाळ्यात हत्यारं तापून हातात धरवत नाहीत म्हणून पेटी रांजणाच्या सावलीला ठेवत. पावसाळ्यात प्रत्येक पान्याला गोडेतेलाचं बोट लावून चिंधीत गुंडाळत आणि संक्रांतीच्या सुमाराला, हवा कोरडी झाली की, सगळ्या चिंध्या सोडून अंगणात मांडत. त्या दिवशी अंगणात उन्हाला लोखंडाचा आणि जुन्या तेलाचा मिसळलेला वास येई. नट आवळताना त्या दात-ओठ खात नसत, कण्हत नसत. फक्त उजवा खांदा किंचित खाली येई आणि सगळं शरीर त्या एका टोकाशी एकवटल्यासारखं शांत होई. मला त्या शांततेचा हेवा वाटायचा.

मग गेल्या एक-दोन वर्षांत काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्यांनी माझ्यावर ढकललं. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्यांची तक्रार सुरू झाली. गोठ्यातून गाय हंबरली की आधी त्या उठायच्या, आता मी उठू लागले. मी हे सगळं पाहिलं, आणि वय झालं की असं व्हायचंच, म्हणून सोडून दिलं. त्यांचा कान म्हणजे त्यांचं सगळं ऐश्वर्य आहे, तो गेला तर ही बाई कुणी दुसरीच होईल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

फाल्गुनात कडबाकुट्टीच्या पात्यांसाठी नवा पाना हवा होता. नेहमीसारखं आम्ही ताडपत्रीपुढं बसलो. आत्यांनी एक पाना उचलला, वाजवला, मान कलली, पापण्या मिटल्या. माझ्या कानाला तो आवाज बद्द वाटला. माठ घेताना चिरलेल्या माठावर टिचकी मारली की जो आवाज तिथल्या तिथं बसतो, तसा. इतकी वर्षं शेजारी बसून माझ्याही कानाला थोडं वळण लागलं होतं. आत्यांनी डोळे उघडले, समाधानानं पाना पिशवीत टाकला आणि उठल्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. यांना शिकवणारी मी कोण, असं वाटलं. त्याला मी तेव्हा आदर समजले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाना तुटला. फ्यूज पदरात होता, चाक अडकवलेलं होतं, सगळं रीतीप्रमाणं होतं. त्यांनी खांदा टाकला आणि पान्याचा जबडा कट्कन निखळून हात सरळ पात्याच्या धारेवर गेला. चार बोटांची पेरं फाटली. आत्यांनीच मला फडकं आणायला सांगितलं. टाके पडले. विलासनी संध्याकाळी तुटक्या पान्याचे दोन्ही तुकडे पेटीवर ठेवले आणि शांतपणे सांगितलं, की आता हे स्वस्ताचं लोखंड घरात नको. उद्या बारामतीहून कंपनीचा संच येईल आणि मशीनला हात फिटर लावील, आई नाही. त्यांचं काळीज पोळलं होतं, त्यामुळं कुणाला त्यांच्याशी वाद घालवेना. आत्या भिंतीला टेकून आपल्या पांढऱ्या पट्टीकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या अंगणात, लिंबाच्या गळत्या पानांत बसल्या होत्या. मला राहवलं नाही. मी जवळ जाऊन खालमानेनं माझा गुन्हा सांगून टाकला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोल."

म्हणून ते मला पुन्हा, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावं लागलं: "आत्या, बाजारात त्यो पाना बद्द वाजला हुता. मला ऐकू आलं हुतं."

रागावतील, असं वाटलं. रागावल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं. पट्टी बांधलेला हात त्यांनी दुसऱ्या हातात घेतला आणि अगदी सरळ आवाजात विचारलं, "मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी घेतलात म्हनून."

"मला न्हाय ऐकू आलं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी स्वतःलाही तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं असावं.

मला वाटलं, आता हे आमच्या दोघींतच राहील. पान्याला दोष देऊन मोकळं होणं किती सोपं होतं. पाना काही कोर्टात जाणार नव्हता. पण ज्या बाईनं आयुष्यभर लोखंडाचं खरं-खोटं केलं तिला ते जमलं नाही. संध्याकाळी विलास जेवायला बसल्यावर आत्या त्यांच्यासमोर येऊन बसल्या. कंपनीचा संच आणायचा तर आण, पण समजून आण, असं त्यांनी सांगितलं. "सस्त्याचा दोस न्हाय त्यो. त्यानं आवाज दिला हुता, माजाच कान गेला. म्होरल्या बाजारी ही ऐकंल." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं बोट केलं. विलासचा घास हातात राहिला. त्या बोटाबरोबर त्यांचा हातही माझ्याच भरवशावर आला होता.

संचाचा आणि फिटरचा विषय विलासनी पुन्हा काढला नाही. बारामतीत कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कानात बसवायचं यंत्र मिळालं आणि माणसं पुन्हा नीट बोलू लागली, असा निर्वाळा आत्यांनी दिला. लोखंड मात्र त्या यंत्रातून सगळं एकसारखंच वाजतं, चांगलं काय नि चिरलेलं काय, असं त्यांनी घरी येऊन पेटीतली चार हत्यारं वाजवून पाहिल्यावर सांगितलं. ते सांगताना त्यांच्या स्वरात खंत नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं आणि यंत्र काढून डबीत ठेवलं.

वैशाखात, खपल्या पडून खाली गुलाबी कातडी आल्यावर, आम्ही पुन्हा बाजारात गेलो. ऊन इतकं प्रखर होतं की ताडपत्रीवरचं लोखंड डोळ्यांनी बघवत नव्हतं. आत्यांनी पाना उचलला, सैल धरला, वाजवला. मान कलली नाही. पापण्या मिटल्या नाहीत. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, उघड्या, स्वच्छ डोळ्यांनी. पहिल्याला मी नकार दिला, दुसऱ्याला दिला, तिसऱ्याशी घोटाळले आणि पुन्हा वाजवा म्हणाले. पाचवा वाजला तेव्हा आवाज उठला, लांबला आणि मधे कुठंही न अडखळता बारीक होत होत विरला. मी मान हलवली. नक्की का, असं त्यांनी विचारलं नाही. पाना पिशवीत टाकला आणि हिरवी मिरची घ्यायला पुढं झाल्या.

घरी आल्यावर फ्यूज पदरात गेला. मी म्हटलं, पाना मी लावते. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. नवी कातडी आलेली बोटं पात्यापासून वीतभर अंतरावर होती, गोठ्याच्या दारात विलास उभे होते, आणि मी आयुष्यात कधी केली नव्हती एवढी प्रार्थना त्या क्षणात केली. आत्यांचा उजवा खांदा खाली आला. बोल्ट कुरकुरला, आणि बसला. मग दुसरा. मग राहिलेले दोन. विलास कडब्याच्या गंजीकडं गेले, एक पेंडी काखोटीला मारून आणली आणि मशीनपाशी आईच्या पायाजवळ ठेवली.

आता दर बाजारी असंच चालतं. त्या वाजवतात, मी ऐकते आणि चेहऱ्यानं सांगते. माझा चेहरा त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतो. काळ त्यांच्याकडून एकेक आवाज काढून नेतो आहे, आणि ते सगळेच काही माझ्याकडं येणार नाहीत; त्यांच्या आईची हाक कशी होती हे आता जगात फक्त त्यांच्या आतच वाजतं. पण लोखंडाचा आवाज माझ्याकडं आला आहे, तो कुठं जात नाही. एक दिवस मी त्या ताडपत्रीपुढं एकटी बसलेली असेन, एखादा पाना लांब, निर्मळ वाजेल, आणि तो विरायच्या आत, त्यांना दिसावा म्हणून, मी माझा चेहरा शेजारी वळवीन.