गादीवरचा चंद्र

मानवजातीचं भवितव्य अंतराळात आहे, असं श्रीपाद सर लातुरातल्या आपल्या क्लासमध्ये दर वर्षी नव्या बॅचला बजावून सांगत. त्यांची स्वतःची पाच वर्षांची तनुजा मात्र अजून जमीन सोडायला तयार नव्हती. चालायची, पळायचीसुद्धा, पण दोन्ही पाय एकदम उचलून उडी मार म्हटलं, की भिंत धरायची. डॉक्टर म्हणाले होते, "पाय ठणठणीत आहेत. भीती आहे. खेळू द्या." सरांनी लगेच खेळाचं वेळापत्रक केलं: सकाळी सात ते सव्वासात, उड्या. तीन महिन्यांत तिला वेळापत्रक तेवढं पाठ झालं.

त्या दिवशी सर तिला न्यायला बालवाडीत जरा लवकरच पोचले. अंगणात जुन्या गाद्यांचा चंद्र पसरला होता. डोक्यावर पुठ्ठ्याची खोकी घातलेली पोरं खुर्च्यांखालून रांगत यानात शिरत होती, ओट्यावर चढत होती आणि उलटे आकडे मोजून धपाधप गादीवर पडत होती. तनुजाही रांगत ओट्यापर्यंत आली, चढली, आणि खांब धरून थांबली.

चंद्रावरची ती धपाधप सरांना बघवेना. "सिंधूबाई, चुकीचं शिकवताय. तिथं गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश असतं. माणूस हळूच खाली येतो."

"सर, मी गुरुत्वाकर्षण न्हाई शिकवून राहिले," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. "गुडघे शिकवून राहिले."

खोक्यातून आवाज आला, "पप्पा, चंद्रावर पडलं तर लागत नाही?"

"जवळजवळ नाहीच," सर म्हणाले. शास्त्राला धरूनच.

तनुजानं खांब सोडला.

'अगं, पण हा चंद्र नाही,' हे वाक्य सरांच्या ओठांपर्यंत आलं. चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसणं त्यांना वीस वर्षांत जमलं नव्हतं. सिंधूबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी तोंड मिटलं.

तिचे गुडघे वाकले, हात मागे गेले, दोन्ही पाय एकदम सुटले. खोकं एकीकडे, पोर दुसरीकडे. मग ती हसत उठली आणि पळत जाऊन पुन्हा रांगेत उभी राहिली.

सरांनी तिथूनच मुखेडला आईला फोन लावला. "आई, तनुजानं उडी मारली! चंद्रावर!"

"लई भारी," साखराबाई म्हणाल्या. "पर किती उंचावरून रं?"

सरांनी बाईंकडून पट्टी मागून घेतली. ओटा नऊ इंचांचा होता.