निळ्या गाडीचा नंबर

१९६५ची जॅग्वार ई-टाइप, लांब नाकाची, धुरकट निळी. यतीनच्या मनात ती बायकोच्याही आधी बसली होती. ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात बारा वर्षं नोकरी करताना त्याचे शनिवार-रविवार असल्याच गाड्या बघण्यात, वाचण्यात, दुसऱ्यांच्या पुसून देण्यात गेले. आणि आता ती घेत कोण होता? क्रॉयडनचा अवधूत, फायनान्समधला, कॉलेजपासूनचा मित्र. कार्ब्युरेटर कुठे असतो हे त्याला यतीननेच दाखवलेलं. शेजारच्या अंगणात मोगरा फुलावा आणि वास आपल्या उशाशी यावा, तशी यतीनची गत झाली होती.

"तू हो म्हणालास तरच घेणार," लीड्सच्या वाटेवर अवधूत तीनदा म्हणाला. तो विश्वासच टोचत होता. त्याने जरा शेखी मिरवली असती, तर रागवायची तरी सोय झाली असती.

गाडी डॉक्टर टिळेकरांची. ते जाऊन वर्ष झालं होतं. तरुणपणी, हॉस्पिटलातल्या नोकरीत घेतलेली ही गाडी त्यांनी चाळीस वर्षं जपली. त्यांच्या पत्नी सुप्रभाकाकूंनी दोघांना आधी पोहे खायला लावले, मग गॅरेज उघडलं.

कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून मिळालेलं प्रमाणपत्र यतीनच्या हातात होतं. त्यावर इंजिन, बॉडी, गिअरबॉक्स आणि चासी, म्हणजे खालची चौकट, यांचे नंबर. चारही जुळले तर गाडी अस्सल. इंजिन जुळलं. बॉडी जुळली. गिअरबॉक्सही. आकड्या-आकड्याला अवधूत फुलत होता, आणि आकड्या-आकड्याला यतीनच्या पोटात निखारा सरकत होता. शेवटी त्याने पुढच्या चौकटीवर टॉर्च धरला आणि त्याला उन्हातून सावलीत आल्यासारखं वाटलं. चासीचा नंबर बुजलेला होता. वर जाड लाल थर, पुट्टीसारखा.

"इथे कुणीतरी हात चालवलाय. नंबर बदलून वर पुट्टी फासलीये. सोड ही."

आधी पुसून बघायला हवं होतं. दुसऱ्या कुणासाठी आला असता, तर त्याने पुसलं असतं.

अवधूतचा चेहरा उतरला. काकू दारातच उभ्या होत्या.

"म्हणजे यांनी खोटी गाडी सांभाळली?" त्या हळूच म्हणाल्या. मग पुढे येऊन वाकल्या, चष्मा वर केला. "अरे, ही पुट्टी कसली. कुंकू आहे हे. दर दसऱ्याला तेलात कालवून हे तिथेच लावायचे. वर लावलं तर रंग डागाळेल म्हणून. तिचं कपाळ तिथेच आहे म्हणायचे."

त्यांनी एक फडकं यतीनच्या हाती दिलं आणि अवधूतला चहाला आत नेलं.

यतीन पुसू लागला. एकेक दसरा फडक्यावर उतरत गेला. खालून आकडे वर आले, तेलाने गंजापासून राखलेले, धारदार. एक आकडा किंचित कललेला, कारखान्यातल्या हाताने ठोकलेला. प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळणारा.

हे आता त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. बाहेर जाऊन 'संशय आहेच' एवढं म्हटलं, की अवधूत परत क्रॉयडनला. मग पुढच्या महिन्यात आपण एकट्याने यावं, हेच दार वाजवावं. विचार असा नटून-थटून समोर उभा राहिला की यतीनला त्याची लाज वाटली नाही, भुरळच पडली. बोटं लाल झाली होती. याच बोटांनी काकूंच्या हातचा कप धरायचा होता.

आत गेल्यावर त्याने अवधूतकडे पाहिलंच नाही.

"काकू, काकांनी खरीच गाडी पूजली. मी न पुसता बोललो."

काकूंनी कार्डिगनची बाही डोळ्यांना लावली. अवधूतने त्याला कडकडून मिठी मारली आणि पहिली चक्कर तूच मार म्हणून मागे लागला.

"तू मार," यतीन म्हणाला. "तुझी आहे ती."

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने अवधूतसाठी तपासणीचा रिपोर्ट लिहायला घेतला. चारही नंबर जुळतात, गाडी अस्सल. सही करायच्या आधी थांबून त्याने खाली ठसठशीत अक्षरांत एक ओळ घातली : डावीकडचं कार्पेट मूळचं नाही.

खरंच नव्हतं ते. लिहून त्याला जरा बरं वाटलं.