मनोऱ्यातली फुटकी काच

मित्रांनो, मी एक जुने अग्निशमन केंद्र आहे. गावभरच्या आगी विझवल्या, पण माझ्या अंगाला कधी ठिणगी लागू दिली नाही, एवढा एक अभिमान मला आहे.

मला बांधले तेव्हा बंब लहान होते. मला दगडी भिंती मिळाल्या, दोन लाल दरवाजे मिळाले आणि मागे एक उंच मनोरा मिळाला. लोकांना वाटे, तो टेहळणीसाठी आहे. खरे तर तो वाळवणासाठी होता. आग विझवून आले, की जवान ओले कॅनव्हासचे पाइप कप्पीने वर ओढून मनोऱ्यात उभे टांगत. पाणी निथळून जाई आणि पाइप कुजत नसत.

पुढे बंब मोठे झाले. माझ्या दरवाजांना त्यांचे आरसे घासू लागले आणि चालक मलाच शिव्या घालू लागले. शेवटी पलीकडच्या रस्त्यावर नवे, चकचकीत केंद्र झाले आणि मला कुलूप लागले. त्यात मनोऱ्याच्या भिंतीला भेग दिसली. नगराध्यक्षांना मला पाडून वाहनतळ करायचा होता, तर काहींना माझ्यात मुलांसाठी अभ्यासिका हवी होती. वाद मिटवायला एक तरुण इंजिनिअरबाई आली.

तिने मनोऱ्याच्या आतून भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. भिंत सरकली, तर काच तडकणार. पुढच्या भेटीत काच फुटलेली होती. तिने दुसरी लावली. तीही फुटली.

"झालं तर मग," नगराध्यक्ष म्हणाले, "म्हातारं जाग्यावर नाही. तुम्ही सही करा, मी बुलडोझर सांगतो."

काच का फुटते ते मला ठाऊक होते. पण सांगणार कसे?

सही करण्यापूर्वी ती एकटीच परत आली. मधल्या काळात लावलेली तिसरी काचही फुटली होती. या वेळी तिने तुकडे जमिनीवर जुळवून पाहिले. भिंत सरकली असती, तर काच भेगेच्या रेषेत तडकली असती. इथे तडे एका ठिपक्यापासून चहूकडे पसरले होते. तिने भेगेची रुंदी मोजली. ती पहिल्या दिवशी होती तेवढीच होती. मग तिने फरशीला हात लावला. बाहेर पावसाचा टिपूस नव्हता, तरी फरशी ओली होती.

तेवढ्यात मागचे दार उघडले. खांद्यावर ओले पाइप घेऊन नव्या केंद्राचे दोन जवान आत आले. पुढे सगळ्यांचा दादा, मागे त्याचा काडीसारखा पुतण्या. त्याला सगळे 'पैलवान' म्हणत.

"मॅडम, आम्ही चोर नाही हं!" दादा गडबडून म्हणाला. "नवीन केंद्रात मनोरा बांधायलाच विसरलेत. पाइप वाळवायचे कुठे? म्हणून गुपचूप इथं टांगतो. साहेबांना सांगू नका."

"वर ओढताना पाइप हलतो का?"

"हलतो म्हणजे? झोके घेतो! त्याचं पितळी तोंड एकदा या पैलवानाच्या डोक्यात बसलं, तर दिवसभर मामीला मावशी म्हणत होता."

"काका, पुरे ना!" पैलवान पुटपुटला.

"भिंतीवरही आपटतं?"

"आपटतं की. कुणा शहाण्यानं तिथं तीन-तीनदा काच चिकटवली, दर वेळी फुटली. असल्या जागी कोण काच लावतं, सांगा बरं?"

"मी लावली, दादा," ती म्हणाली, आणि पोट धरून हसत सुटली. माझ्या रिकाम्या खोल्यांत किती दिवसांनी कुणी हसत होते!

चौथी काच तिने मजबूत जाळीआड लावली. पाइप येत राहिले, वाळून जात राहिले. उन्हाळा गेला, थंडी सरली, काच अखंड राहिली. मग माझ्याच दालनात सभा भरली.

"म्हणजे हे पडणार नाही?" नगराध्यक्षांनी विचारले.

"भेग जुनी आहे, साहेब. ती बुजवली की झालं. आणि हा मनोरा पाडलात, तर नवा बांधावा लागेल."

नगराध्यक्ष दादाकडे बघत राहिले. दादा छताकडे बघत राहिला. अखेर ठरले, की मनोरा बंबवाल्यांचा आणि दालन अभ्यासिकेचे. माझ्या दगडांवरचे ओझे एकदम उतरले.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी कुलूपबंद इमारत असेल. तिला पाडायची गोष्ट निघाली, तर मोठ्यांना एवढेच सांगा, की आधी जवळ जाऊन नीट मोजून बघा. मोजल्यावरही ती खरोखर मोडकळीला आलेली निघाली, तर तिला खुशाल निरोप द्या. ती रागावणार नाही. पण तिला कुणीतरी नीट बघितलेले असू द्या.