व्हिडिओत पाहिलेला पाय

शेखर सरांनी टेबलावर तीन कागद सरकवले अन् म्हणले, "सिस्टर, तिन्हीवर सही करा अन् दर्यापूरची बस पकडा." इतकं सोपं होतं त्यायले.

मी पौर्णिमा. शेखर सर जिथं मॅनेजर आहेत, त्या कंपनीचा दर्यापूरच्या पुढच्या एका गावातला दवाखाना सांभाळते. दवाखाना म्हणजे एक खोली, एक टॅब अन् मी. डॉक्टर इथं अकोल्यात बसतात. पेशंट आला की मी टॅबवरून डॉक्टरले लावून देते. रेंज असली तर व्हिडिओ, नसली तर साधा फोन. आमच्या गावात रेंज असते कुठं? पण व्हिडिओचे पैसे फोनच्या दुप्पट, अन् ते कंपनीले देते एक ट्रस्ट. त्या ट्रस्टचे तपासणीवाले उद्या येणार होते, म्हणून मले बोलावणं.

कागद बुधाजीचे होते. बुधाजीले शुगर, डाव्या पायाच्या अंगठ्याले जखम. तीन सोमवार मी डॉक्टरले फोनवर सांगतलं, जखम वाढून राहिली, कड काळी पडून राहिली. तिन्ही वेळा एकच उत्तर, ड्रेसिंग करा, गोळ्या चालू ठेवा. कागदावर काय छापलं होतं, तर 'व्हिडिओद्वारे जखम पाहिली, कोरडी आहे'. तिसऱ्या कागदावर तर हद्द केली. 'रुग्णास तातडीने अकोल्यास बोलावले. रुग्ण आला नाही.'

माहं डोकंच फिरलं. चौथ्या सोमवारी मीच त्याले जीपमधी बसवून अकोल्याले आणलं होतं, कोणी न सांगता. तवा उशीर झाला होता. अर्धं पाऊल कापावं लागलं.

अन् हे लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. कंपनीच्या माणसानं वॉर्डात जाऊन बुधाजीच्या बायकोले, जाईबाईले, तेच वाचून दाखवलं. तवापासून ती नवऱ्याशी धड बोलत नव्हती. आज सकाळी मी भेटाले गेली तर बुधाजी मलेच म्हणे, "बाई, तुमी बोलावलं असन. माह्याच ध्यानात राह्यलं नसन." माणूस स्वतःवरच शंका घेऊन राहिला होता.

मी पर्स उघडली. दर सोमवारी मी सलाईनच्या बाटलीवरचं प्लास्टिक स्पिरिटनं पुसते, जखमेवर ठेवते, पेननं तिची कड गिरवते अन् तारीख टाकते. जखम वाढली का घटली, लगेच कळते. तिन्ही तुकडे मी शेखर सरांपुढे एकावर एक ठेवले. पहिला गोल चिंचोक्याएवढा. तिसरा रुपयापेक्षा मोठा.

"हे डॉक्टरनं व्हिडिओत पाहिलं काय?" मी इचारलं.

शेखर सरांनी तुकडे बाजूले सारले. मग हळूच म्हणले, "ताई, काहून डोक्याले ताप करून घेता? सगळ्याच सेंटरवर असंच भरतात. नोकरी सांभाळा."

"सही पाहिजे ना तुमाले? घ्या."

तिन्ही कागदांवर 'व्हिडिओ' खोडून मी 'फोन' लिहिलं. तिसऱ्यावर लिहिलं, 'रुग्णाला बोलावलं नव्हतं. मी हजर होते.' खाली सही, तारीख, नोंदणी नंबर. मोबाइलवर तिन्हीचे फोटो काढले. शेखर सर म्हणले, "उद्यापासून येऊ नका." मी म्हणलं, बरं. भेव वाटलं, खोटं कायले बोलू. घरी दोन पोरं आहेत.

बस पकडली नाही. सरळ वॉर्डात गेली अन् जाईबाईले फोटोवरचं एकेक अक्षर वाचून दाखवलं.  मग उठून तिनं नवऱ्याच्या पायावरची चादर नीट केली.

बुधाजी मात्र हसाले लागला.

"म्हंजे मी इसरलो नव्हतो," तो बायकोले म्हणे. "पाह्य, मी इसरलो नव्हतो."

अर्धं पाऊल गेलं अन् हा माणूस खूश होता. त्याच्या त्या हसण्याचा राग माह्या मनातून अजून गेला नाही.