खर्ऱ्याआड लपवलेलं रक्त

मुखरू दवाखान्याच्या पायरीवर लालभडक थुंकला, तसा शिपाई लच्छू अंगावर धावून आला. "खर्रा थुकाले हेच जागा भेटली का रे बुढ्या? पाणी आण, धू."

चंदाबाईनं नवऱ्याचा दंड सोडला नाही. त्याचं तोंड पुसलेला ओला पदर लच्छूच्या नाकासमोर धरला. "हुंगून पाह्य. तंबाखूचा वास येते का? रक्त होय हे."

लच्छू स्वतःच पाण्याची बादली आणायला वळला. पण तिचा खरा राग नवऱ्यावर होता. जन्मात सुपारी न खाल्लेला हा माणूस गावात हरिनाम सप्ताह बसल्यापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळू लागला होता. देवाच्या मांडवात खर्रा, म्हणून ती पाच दिवस भांडली. अन् आज सकाळी कळलं, की रक्ताचा रंग झाकायला तो चघळत होता. कीर्तनातली पहिल्या टाळकऱ्याची जागा जाऊ नये म्हणून.

स्वाती नर्सनं त्याला टेकवून बसवलं. इंजेक्शनची कुपी फोडली अन् औषध शिरेत न देता वाफेच्या मशीनच्या डबीत ओतलं.

"खोकला मोकळा कराची वाफ काऊन देता? अजून निघन ना रक्त."

"हे वाफ न्यारी हाय, बाई. रक्त थांबवाचं औषध हाय, श्वासासंगं आत जाते."

मशीन घरघरू लागलं. चंदाबाई थुंकीच्या भांड्यावर नजर लावून बसली. ओठांवर विठ्ठल, डोळ्यांत आग. आधी लाल पडलं, मग तांबूस, मग नुसता थुंका.

"तूर्तास थांबलं," डॉक्टर म्हणाले. "पण जखम आत आहे. टीबीची शंका आहे. आजच चंद्रपूरला जा, गाडी बोलावतो."

मुखरूनं वाफेचा मास्क उचलला. "उद्या काला हाय. कीर्तन झालं का जातो."

चंदाबाईनं फोन काढला अन् त्याच्यासमोरच सप्ताहाच्या बुवांना लावला.

"राम कृष्ण हरी, सोमाजीबुवा. हे काल्याले नाई येत, टीबीची शंका हाय. पाच दिवस रक्त लपवून तुमच्यासंगं गायले, एका माइकवर. आता ज्याले ज्याले खोकला हाय, त्याचा थुका तपासाले लावा. मांडवात सगळ्यांसमोर सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

"इज्जत काढली माझी," मुखरू पुटपुटला.

"काढली. तिकडं माणसं बसली हायत मांडीले मांडी लावून, लेकरं घेऊन. त्याहिचा इचार केला का तुमी?"

मुखरूनं मान खाली घातली. बाहेर गाडी लागली. नर्सनं दिलेला साधा मास्क तिनंच त्याच्या नाकावर बसवला, जरा जोरातच, अन् त्याला उठवलं.