दुसऱ्या बॅचला बसलेली मुलगी

सतरा जूनला, मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला. मिनल ओव्हाळ नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत पहिल्या वर्गाचे गुण होते. डेटाबेसच्या प्रॅक्टिकलसमोर मात्र आकडाच नव्हता, ‘गैरहजर’ असं लिहिलेलं होतं.

सव्वाचारला तिचा फोन साधना काळोखेला आला. साधना तिची डेटाबेसची शिक्षिका. ती रावेतच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

“मॅम, मी आले होते ना? तुमच्यासमोरच बसले होते.”

“आली होतीस गं. पन्नासपैकी त्रेचाळीस आहेत तुला. उद्या कॉलेजात जाऊन बघते, रडू नकोस.”

फोन ठेवला तेव्हा काय झालं असणार ते साधनाला कळून चुकलं होतं.

चिंचवडच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स आणि इन्फर्मेशन सिस्टीम्स असे दोन पदवी अभ्यासक्रम चालतात. माहितीपुस्तिकेत दोघांची पानं वेगळी, प्रवेश वेगळे, परीक्षेच्या याद्या वेगळ्या. पण लॅब एकच, आणि डेटाबेस शिकवणारी साधनाही एकटीच, तीही तासिका तत्त्वावर. दोन्ही वर्गांना ती तेच शिकवायची. परीक्षेत मुलं ज्या प्रश्नांच्या स्लिपा उचलतात, त्यासुद्धा दोघांना त्याच.

आठ एप्रिलला कॉम्प्युटर सायन्सची प्रॅक्टिकल होती, नऊला इन्फर्मेशनची. सातला संध्याकाळी मिनल जर्नलवर सही घ्यायला आली ती रडकुंडीला येऊन. माणच्या एका आयटी कंपनीनं नोकरीच्या शेवटच्या मुलाखतीला नेमकं आठ तारखेलाच बोलावलं होतं.

“जा तू,” साधना म्हणाली. “परवा इन्फर्मेशनवाल्यांबरोबर बस. मशीन तेच, स्लिपा त्याच.”

“अर्ज देऊ का मॅम?”

“अर्ज दिलास की कुणीतरी नाही म्हणणार. राहू दे.”

आठला संध्याकाळी गुण भरायला घेतले, तर विद्यापीठाचं पोर्टल मिनलचा रकाना मोकळा सोडू देईना. आकडा टाका, नाहीतर गैरहजर. यादी पुरी भरल्याशिवाय छापील प्रत निघत नव्हती आणि बाहेरून आलेले परीक्षक सहीसाठी पेन उघडून बसले होते. साधनानं गैरहजर टाकलं. मे महिन्यात दुरुस्तीसाठी पोर्टल दोन-तीन दिवस परत उघडतं, तेव्हा बदलू, असा तिचा हिशेब.

नऊला मिनल आली, स्लिप उचलली, दोन्ही क्वेरी चालवून दाखवल्या. परीक्षक खूश झाले. तिचा क्रमांक इन्फर्मेशनच्या यादीत नव्हता, म्हणून साधनानं एका कोऱ्या कागदावर नाव, क्रमांक आणि गुण लिहिले, परीक्षकांची सही घेतली आणि तो कागद त्या दिवसाच्या उत्तरपत्रिकांच्या पाकिटात घातला.

तीस एप्रिलला साधनाची नेमणूक संपली. लॉगिन बंद झालं, विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तिचं नाव निघालं. त्यात कुणाचा राग नव्हता, तासिकावाल्यांना दरवर्षी काढतात. मेमध्ये सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि कॉलेजात एक फोन करायचा, तो राहून गेला.

अठरा जूनला सकाळी ती परीक्षा विभागात गेली. तिथला क्लार्क ओंकार म्हणाला, “बारा ते चौदा मे पोर्टल उघडं होतं की मॅडम. ग्रुपवर दोनदा टाकलं मी.”

“मी ग्रुपवर नव्हते, ओंकार.”

“हां, ते पण आहेच.”

“नऊ तारखेचं पाकीट तरी उघडून बघ. कागद त्यात आहे.”

“सील करून विद्यापीठात गेलं ते. आणि इथं असतं तरी मी हात लावला नसता. माझी नोकरी जायची. तुमचं बरंय, तुमची गेलेलीच आहे.” बोलून झाल्यावर त्यानं जीभ चावली आणि तिच्यासाठी चहा मागवला.

विभागप्रमुख मंजुषा मॅडमनी दुरुस्तीचा अर्ज संगणकावर उघडून दाखवला. कारणांचे पर्याय दोनच होते. गुण चुकीचे भरले गेले, किंवा हजर विद्यार्थी गैरहजर दाखवला गेला.

“दुसरं टाका ना मॅडम.”

“कुठल्या दिवशी हजर होती? आठच्या हजेरीपत्रकावर तिची सही आहे?”

“नाही.”

“मग ते खोटं झालं. आणि खरं लिहिलं, तर विनापरवानगी दुसऱ्या कोर्सच्या परीक्षेला बसवली असं होतं. ते गुण कुणी धरणार नाही, वर पोरीवर गैरप्रकाराची केस. तूच सांग काय लिहायचं, मी सही करते.”

साधना पडद्यावरचे दोन्ही पर्याय परत वाचू लागली.

“एवढा कळवळा होता तर तेव्हा एक मिनिट माझ्याकडे यायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं का?”

म्हटलं असतं, हे दोघींनाही माहीत होतं.

साधनानं बाहेरच्या परीक्षकांना फोन लावला. “तुम्ही म्हणताय म्हणजे सही केली असणार मी,” ते म्हणाले. “पण लेखी मागू नका, मॅडम. दुसऱ्या कोर्सची मुलगी कशी घेतली म्हणून मलाच धरतील. कुणी तोंडी विचारलं तर सांगेन की.”

तोंडी कुणी विचारणार नव्हतं.

शुक्रवारी मिनलचे वडील नागसेन ओव्हाळ कॉलेजच्या गेटवर भेटले. चाकणच्या कंपनीतली पहिली पाळी करून, दापोडीच्या घरी न जाता ते तसेच गणवेशात आले होते. मिनल बरोबर होती.

“आमच्याकडं पार्ट चुकून दुसऱ्या ट्रॉलीत गेला तर टॅग बघून परत आणतो मॅडम. पार्ट भंगारात नाही टाकत.”

“टॅग मीच लावला नाही, भाऊ.”

“तुमच्यावर राग नाही. तुम्ही सोडलं नसतं तर तिची मुलाखतच झाली नसती.” त्यांनी मिनलकडे बघितलं. “पण नोकरी मिळाली तिला, एक तारखेला माणला हजर व्हायचंय. सगळे विषय पास पाहिजेत, असं पत्रात लिहिलंय त्यांनी. तिनं काय सांगायचं तिथं?”

साधनानं मिनलला सगळं उघड करून सांगितलं. खरं पत्र दिलं तर केस होऊ शकते. नाही दिलं तर ऑक्टोबरमध्ये परत परीक्षा, आणि ही नोकरी गेली.

“द्या पत्र,” मिनल म्हणाली. “मी बसले होते परीक्षेला. उगाच गैरहजर कशाला राहू?”

साधनानं दीड पान लिहिलं, चूक आपली आहे असं दोन ठिकाणी लिहिलं. मंजुषा मॅडमनी ते तीनदा वाचलं. “तुझ्या पुढच्या वर्षीच्या नेमणुकीच्या मुलाखती तोंडावर आल्यात, माहितीये ना?” असं विचारलं आणि खाली एवढंच लिहिलं : योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर. तेवीस जूनला पत्र विद्यापीठात दाखल झालं. खिडकीवरच्या माणसानं पोचेवर शिक्का मारला आणि उत्तरपत्रिकांचं पाकीट समितीसमोर उघडेल असं सांगितलं.

“समिती कधी बसते?”

“तारीख लागली की बसते.”

साधना त्या आठवड्यात दोनदा जाऊन आली. तारीख लागली नव्हती.

एक जुलैला मिनल माणला गेली. सव्वानऊला तिचा मेसेज आला : ‘यादीत नाव आहे मॅम. आत सोडलं.’ दहाला : ‘गुणपत्रक मागितलं. पोच दाखवली. बसायला सांगितलंय.’

साधनानं विद्यापीठात फोन केला. तिसऱ्या वेळी कुणीतरी उचलला. संबंधित साहेब रजेवर होते, सोमवारी येणार होते.

पावणेबाराला मिनलनं लिहिलं : ‘बाकीच्यांना ओळखपत्राच्या फोटोला नेलं. मी रिसेप्शनलाच आहे. एचआर मॅडम मीटिंगमध्ये आहेत, त्या आल्या की सांगतील म्हणे.’

दुपारी दीडपर्यंत त्यापुढचा मेसेज आलेला नव्हता.